नकाशाचाही फेरफार हवा

मागच्या रविवारी सकाळी भंडाऱ्याहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, तुम्ही लोक कंपनीत ते व्हर्जन कंट्रोल वापरता ना, तसं आमच्या ड्रॉइंगसाठी एखादं सॉफ्टवेअर सांग ना. एका बेस ड्रॉइंगच्या सात फायली झाल्या आहेत, आणि सातही फायनल."

मी हसलो. पण लगेच गप्प झालो. हा 'फायनल' शब्द आमच्या घराला एकदा चांगलाच महागात पडला आहे, आणि तो प्रताप माझाच होता. तो किस्सा आधी सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

आमचा भाऊ सिव्हिलचा डिप्लोमा करून भंडाऱ्यात ड्राफ्टिंगचं छोटं ऑफिस चालवतो. दोन कॉम्प्युटर, एक प्लॉटर, आणि लाइट गेली की बाहेर चहा. काम कसलंही येतं. घराचे प्लॅन, गोदामं, लेआउट, आणि भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा, त्यामुळे राइस मिल. अशीच एक मिल माझ्या मामाजींनी पवनी रस्त्याला बांधायला काढली होती. कर्ज काढून. घरचंच काम म्हणून भावाने ड्रॉइंग केली, आणि सुट्टीवर आलेलो मी 'सॉफ्टवेअरवाला' म्हणून मध्ये नाक खुपसलं.

ज्यांनी कॅड कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठ्या कामात एक मूळ नकाशा असतो. त्याला बेस म्हणतात. त्यात प्लॉटची हद्द, कॉलमच्या रांगा, भिंती, दारं एवढंच. मग त्याच्यावर प्रत्येकजण आपापलं काम काढतो. पायावाला पाया काढतो, शेडवाला लोखंड, इलेक्ट्रिकवाला केबलचे चर, मशिनवाला मशिनची जागा. प्रत्येकाने बेस पुन्हा काढायचा नसतो. आपल्या फाइलमध्ये तो फक्त खालून 'दाखवायचा' असतो. ऑटोकॅडमध्ये याला एक्स-रेफ म्हणतात. बेस एकाच जागी राहतो, आणि तिथे भिंत सरकली की पुढच्या वेळी फाइल उघडल्यावर सगळ्यांच्या नकाशात ती सरकलेली दिसते. प्रोग्रामर मंडळींना सांगायचं तर हे डायनॅमिक लिंकिंग आहे.

तर झालं असं की, मशिनवाल्याच्या माणसाचा नागपूरहून फोन आला. त्याच्याकडे फाइल उघडत होती, पण बेस दिसत नव्हता, 'रेफरन्स सापडला नाही' एवढंच येत होतं. साहजिक होतं, कारण आम्ही त्याला एकच फाइल पाठवली होती, बेसची पाठवलीच नव्हती. मी म्हटलं, सोपं आहे. आणि मी एक्स-रेफ 'बाइंड' करून टाकला. म्हणजे बेस त्याच्या फाइलमध्ये वितळवून टाकला. आता ती एकच अखंड फाइल, कुठेही उघडेल. नाव दिलं 'फायनल' आणि मेल करून टाकली. पाच मिनिटांचं काम. भावासमोर थोडी कॉलरही ताठ केली.

दहा दिवसांनी प्लॉटची मोजणी झाली. मागची हद्द आम्ही धरली होती त्यापेक्षा २ फूट आत आली. भावाने बेसमध्ये कॉलमची मागची रांग २ फूट आत घेतली. पायावाल्याला दिसलं, शेडवाल्याला दिसलं. मशिनवाल्याला दिसलं नाही. दिसणार कसं? त्याचा धागा मीच कापला होता. त्याने जुन्या बेसवर सगळी मशिनरी बसवून नकाशा पाठवला, आणि त्याच्यावरही 'फायनल' लिहिलेलं होतं.

साइटवर कॉलमचे पाये आधी झाले. मग दोन मशिनचे चौथरे पुढच्या रांगेपासून मोजून ओतले. मग एलिव्हेटरचा खड्डा खणायला घेतला, आणि चार फुटांवर कुदळ काँक्रीटला लागली. मागच्या कॉलमचा पाया बरोबर खड्ड्याच्या जागी! खड्डा सरकवायचा तर पूर्ण मशिनची ओळ सरकते, आणि ओळ सरकते म्हणजे ओतलेले चौथरे फोडायचे. दिवाळी झाली, धान खळ्यावर आलं, आजूबाजूच्या मिल सुरू झाल्या, आणि आमच्या मिलमध्ये ब्रेकर चालू होता. तीन आठवडे गेले. सीझनचे पहिले तीन आठवडे म्हणजे काय, ते धानवाल्याला विचारा.

मशिनवाल्याने शांतपणे माझा मेल दाखवला. तो खोटं बोलत नव्हता. मामाजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बाबू, तूच म्हणाला होतास ना, हाच शेवटचा नकाशा म्हणून?"

असो. हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही, म्हणून हा लेख.

आता भावाच्या प्रश्नाकडे येऊ. 'आमच्याकडे गिट आहे तसं तुमच्याकडे का नाही' असं म्हणणं आपल्या धंद्यात फार सोपं आहे. मीही कित्येक वर्षं तेच म्हणत होतो. आता मला ते पटत नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं तांत्रिक. आपला कोड म्हणजे साधा मजकूर. दोघांनी दोन ओळी बदलल्या तर यंत्र त्या जोडून देतं. डीडब्ल्यूजी फाइल बायनरी असते. दोघांनी दोन प्रतींमध्ये बदल केले तर गिट फक्त सांगणार, 'फायली वेगळ्या आहेत.' धन्यवाद, तेवढं आम्हालाही माहीत होतं. दोन ड्रॉइंगमधला फरक रंगाने दाखवायची सोय ऑटोकॅडच्या २०१९ च्या आवृत्तीपासून आली आहे, आणि ती खरंच कामाची आहे. पण फरक दिसणं वेगळं आणि त्यातलं खरं कोणतं हे कळणं वेगळं.

दुसरं कारण जास्त मोठं आहे. कोडच्या बाबतीत रिपॉझिटरी हेच सत्य. तिथे जे आहे तेच चालणार. नकाशाचं सत्य मात्र फाइलमध्ये नसतंच, ते जमिनीवर असतं. हद्द २ फूट आत आली ती भावाने बदलली म्हणून नव्हे, जमिनीवर ती तिथेच होती म्हणून. आणि चुकलेला कोड मागे घेता येतो, ओतलेलं काँक्रीट घेता येत नाही. आपल्याकडे रोलबॅक ही एक कमांड आहे. तिथे रोलबॅक म्हणजे ब्रेकर, मजूर आणि बँकेचं व्याज.

हे फक्त भंडाऱ्यातल्या दोन कॉम्प्युटरच्या ऑफिसात होतं असं समजू नका. एअरबसच्या ए-३८० विमानाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. एका विमानात सुमारे ५०० किलोमीटर वायर. जर्मनी आणि स्पेनमधले इंजिनीयर कॅटिया सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीवर, फ्रान्स आणि ब्रिटनमधले पाचव्या. विमानाच्या सांगाड्यातले बदल वायरिंगच्या नकाशात नीट पोचले नाहीत. हॅम्बुर्गमध्ये तयार झालेल्या वायरी तुलूझमध्ये बसवायला घेतल्या तर कमी पडल्या. २००६ साली कंपनीला एकामागून एक उशीर जाहीर करावे लागले, आणि पहिलं विमान ग्राहकाच्या हातात पडायला ऑक्टोबर २००७ उजाडला. तिथे पैसा, हुशारी, सॉफ्टवेअर, कशाचीच कमी नव्हती. बदल झाला हे ज्याला कळायला हवं होतं त्याला वेळेत आणि नीट कळलं नाही, एवढंच. आमच्या मिलमध्ये तरी दुसरं काय झालं?

आता उलटी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की बाइंड करू नका, सगळं लाइव्ह लिंकवर ठेवा, प्रश्न संपला. नाही संपत. लाइव्ह लिंकचा स्वतःचा धोका आहे. बेसमध्ये कोणी रात्री गुपचूप भिंत सरकवली, तर सकाळी सगळ्यांच्या नकाशात ती सरकलेली असते, आणि 'काल इथे काय होतं' हे कोणालाच सांगता येत नाही. साइटवर कागद वेगळा, स्क्रीनवर चित्र वेगळं. ज्या नकाशावर ठेकेदाराने काम केलं तो नकाशा जसाच्या तसा गोठवून ठेवलाच पाहिजे, नाहीतर उद्या भांडण झालं तर पुरावा काय? म्हणजे धावता बेसही हवा आणि गोठवलेली प्रतही हवी. गडबड होते ती आपल्या हातात या दोन्हींपैकी कोणतं आहे हे माहीत नसतं तेव्हा. माझ्या मेलमधली फाइल गोठवलेली होती, पण मशिनवाल्याला ती धावती वाटली. अपघात तिथे झाला.

मग उपाय काय? मला तो कुठल्या कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये नाही, मामाजींच्या कपाटात सापडला. मिलच्या जागेचे कागद चाळताना सातबारा हातात आला. जुना, हाताने लिहिलेला. प्रत्येक नावाशेजारी वर्तुळात एक आकडा, आणि काही नावांना कंस केलेला. मी विचारलं हे आकडे कसले. मामाजी म्हणाले, "फेरफार नंबर. हे नाव काऊन चढलं, ते त्या नंबरावर सापडते."

मी अक्षरशः दोन मिनिटं बघत बसलो. हा कमिट लॉग आहे हो! मूळ कागद एक, गाव नमुना सात आणि बारा. बदलांची वही वेगळी, गाव नमुना सहा, तीच फेरफार नोंदवही. प्रत्येक बदलाला क्रमांक, तारीख, कारण. जुनं नाव खोडून नाहीसं करायचं नाही, कंस करायचा, म्हणजे काल काय होतं तेही दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोंद घेतली की ती लगेच पक्की होत नाही. ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते. हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. हरकत आली तर ती वेगळ्या वहीत, सहा-अ मध्ये, आणि तिचा निकाल लागेपर्यंत नोंद अडकून. मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. तेव्हा कुठे सातबाऱ्यावर अंमल. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. आपण ज्याला कोड रिव्ह्यू म्हणून मिरवतो ते गावच्या दप्तरात आपल्या आजोबांच्या काळापासून आहे.

ही पद्धत निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. तिचं दुखणंही शिकण्यासारखं आहे. वाटण्या होतात, फेरफार होतो, सातबाऱ्यावर चार भावांची चार नावं, चार क्षेत्रं येतात. पण गावनकाशावर तो गट बऱ्याचदा एकच अखंड तुकडा राहतो, पोटहिस्स्याची मोजणी होऊन रेषा पडेपर्यंत. म्हणजे मजकुराची आवृत्ती पुढे गेली आणि चित्राची मागे राहिली. बांधावरची कित्येक भांडणं या फटीतूनच उगवतात. आता डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो, गावनकाशेही स्क्रीनवर दिसतात, गावठाणांची ड्रोनने मोजणी होते. हे सगळं उत्तमच. पण कागद स्कॅन केला म्हणून त्यातली फट बुजत नाही, ती फक्त जास्त स्पष्ट दिसते.

आणि भंडाऱ्यात हा विषय मिलपुरता नाही. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण आहे. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. ऑटोकॅडमध्ये एक्स-रेफची सोय आली १९९० च्या आसपास. म्हणजे हा प्रकल्प एक्स-रेफपेक्षाही जुना! ट्रेसिंग पेपर, मग कॅड, मग उपग्रहाचे नकाशे, इतक्या पिढ्या एकाच कामात गेल्या. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. या सगळ्या काळात असंख्य नकाशे एका रेषेवर टांगलेले आहेत, २४५.५० मीटर, धरणाची पूर्ण संचय पातळी. कोणतं शेत बुडणार, कोणतं घर उठणार, पूल किती उंच, नवं गावठाण कुठे, हे त्या एका आकड्याच्या रेषेवरून ठरतं. अशा रेषेची जुनी प्रत कोणाच्या हातात राहिली तर काय होईल, हे मामाजींचे तीन आठवडे आठवले की मला कळतं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला तेव्हा भंडारा शहरात पाणी शिरलं, गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले. पाणी कोणाची रिव्हिजन विचारत नाही. ते जमिनीच्या उंचीप्रमाणे वाहतं.

तर माझं मत सरळ आहे. बेस ड्रॉइंगमधला बदल म्हणजे फाइल सेव्ह करणं नव्हे, फेरफार आहे. त्याला नंबर हवा, कारण हवं, आणि ज्यांच्या ज्यांच्या नकाशाखाली तो बेस आहे त्या प्रत्येकाला नोटीस हवी. नोटीस न देता केलेला बदल, तो कितीही बरोबर असला तरी, चूकच.

हे ऐकून भाऊ म्हणाला, "दादा, तुमचं पुण्यात ठीक आहे. इथे ठेकेदार व्हॉट्सॲपवर पीडीएफ मागते. सर्व्हर कोण चालवणार?" बरोबर आहे त्याचं. जगात यासाठी आयएसओ १९६५० नावाचं मानक आहे, त्यात फाइलच्या चार अवस्था सांगितल्या आहेत. काम चालू असलेली, एकमेकांना वाटलेली, अधिकृत जारी केलेली, आणि दप्तरात गेलेली. मी त्याला म्हटलं, मानक राहू दे, चार फोल्डर तर करशील? फोनवरच आम्ही नियम ठरवले, ते असे:

बेसच्या फाइलचं नाव कधीच बदलायचं नाही. त्यात ना तारीख, ना 'फायनल'. बदल करायच्या आधी जुनी प्रत तारीख घालून दप्तराच्या फोल्डरमध्ये, आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही.

बेस बदलणारा माणूस एकच. बाकीच्यांना बदल हवा असेल तर सांगायचं, स्वतः करायचा नाही. तो माणूस रजेवर गेला तर दुसऱ्याचं नाव आधी सांगून जायचं.

एक साधी वही. हो, कागदाची. फेरफार क्रमांक, तारीख, काय सरकलं, किती, का, आणि कोणाकोणाला कळवलं. कळवलेल्याने 'पाहिलं' असं उत्तर दिलं की टिकमार्क. सगळे टिकमार्क होईपर्यंत नवा नकाशा साइटवर जायचा नाही. यासाठी व्हॉट्सॲप पुरतं.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पीडीएफवर कोपऱ्यात 'बेस फेरफार क्र. अमुकपर्यंत' असं लिहायचं. 'फायनल' हा शब्द ऑफिसात बंद. फायनल म्हणजे लिहिणाऱ्याची आशा असते, नकाशाची माहिती नसते. आकडा मात्र ताडून बघता येतो. त्याच्या कागदावर ४ आणि तुझ्या वहीत ५, की लगेच कळतं.

बाहेरच्याला फाइल द्यायची तर ई-ट्रान्समिटने बेससकट गठ्ठा बांधून द्यायची. अगदीच बाइंड करावी लागली तर तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं, 'ही प्रत आहे, हिच्यात पुढचे बदल येणार नाहीत', आणि कोणाला दिली ते वहीत टिपायचं.

आणि शेवटचं, नवा प्रिंट देताना साइटवरचा जुना परत मागायचा आणि त्याच्यावर 'रद्द' शिक्का मारायचा. जुना कागद भिंतीवर राहिला की मिस्त्री तोच बघणार, कारण तो हाताशी आहे.

यात सॉफ्टवेअर किती आहे? जवळजवळ नाहीच. भावाला जरा निराशा झाली असावी, त्याला एखादं नाव हवं होतं डाउनलोड करायला. खरं सांगायचं तर मलाही नाव सांगायला आवडलं असतं. आम्हा लोकांना प्रश्न दिसला की टूल सुचतं. पण इथे टूलने फसवलं नव्हतं. बाइंडची कमांड चोख चालली, मेल चोख पोचला. दहा दिवसांनी एक फोन करायचा होता, तो मी केला नाही. भावाला वाटलं मी कळवलं असेल, मला वाटलं तो कळवेल.

जाता जाता एक. या दिवाळीत गावी गेलो होतो. मिल व्यवस्थित चालू आहे, कोंड्याचा ढीग मागच्या भिंतीला टेकलेला. ऑफिसात टेबलावर एक लाल कापडी बांधणीची वही दिसली. मला वाटलं हिशोबाची असेल. उघडली तर पहिल्या पानावर भावाच्या अक्षरात, 'फेरफार क्र. १. मागची रांग २ फूट आत. कारण मोजणी. कळवलं: पायावाले, शेडवाले.' आणि पुढे, मशिनवाल्याच्या नावासमोर, रिकामी जागा. हे पान त्याने मागाहून लिहिलं होतं, आठवण म्हणून.

मी काही बोललो नाही. मामाजींनी चहा सांगितला.